सैल झालेला यूएसबी पोर्ट : दोष ओळखावा कसा, दुरुस्ती करावी कशी?

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता शाळकरी मुलांच्या निबंधातही जुने झाले आहे. परंतु या युगाचा केवढा तरी कारभार एका लहानशा खाचेवर अवलंबून असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस, मोबाइलचा चार्जर, बोटाचा ठसा घेणारे यंत्र हे सारे ज्या खाचेत बसते, ती म्हणजे यूएसबी पोर्ट. ती सैल झाली की कामे अडतात आणि बहुतेक वेळा दोष भलत्याच्याच माथी मारला जातो.

आम्ही व्यवसायाने बँकेतील कारकून व शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक प्रसंग सांगतो.

निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेमुळे तो यंत्रावर बोटाचा ठसा देऊनही करता येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या खिडकीवर एक आजी आल्या. पती सरकारी नोकरीत शिपाई होते. त्यांच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावरच आजींची गुजराण. यंत्रावर अंगठा ठेवला की पडद्यावर "ठसा मिळाला नाही" असेच येई. आम्ही म्हणालो, "आजी, तुमच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत." त्यांनी पदराने बोटे पुसली. दुसऱ्या दिवशी बोटांना खोबरेल तेल चोळून आल्या. तरी तेच. तिसऱ्या खेपेस त्या खिन्नपणे म्हणाल्या, "खडी फोडून झिजली रे बाळा, आता नव्या रेषा कुठून आणू?" त्याच वेळी आमचा हात सहज वायरला लागला आणि यंत्राचा दिवा विझला. हात काढला, दिवा लागला. संगणकाच्या पुढच्या बाजूचा पोर्ट सैल झाला होता. अंगठा दाबला की यंत्र किंचित सरके, वायर ओढली जाई आणि संपर्क तुटे. आम्ही वायर धरून ठेवली आणि आजींचा अंगठा पहिल्याच प्रयत्नात जुळला. कष्टाने बोटे खरोखरच झिजतात, हे खरे. परंतु त्या दिवशी झिजला होता तो आमचा पोर्ट. तीन दिवसांच्या हेलपाट्यांचा दोष मात्र आम्ही आजींच्या हातांना दिला होता.

पुढे देखभालीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाने पोर्ट बदलला. त्याच्याजवळ बसून आम्ही जे शिकलो आणि नंतर घरच्या जुन्या संगणकावर जे करून पाहिले, ते येथे देत आहोत.

पोर्टची रचना

यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली आले. ते घडविण्यात इंटेल कंपनीतील भारतीय वंशाचे अभियंता अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. आपल्या नेहमीच्या चपट्या, आयताकृती पोर्टला 'टाइप ए' म्हणतात. त्यात प्लॅस्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन पट्ट्या ५ व्होल्ट वीज पुरवतात व मधल्या दोन माहितीची ने-आण करतात. वायर उघडी केल्यास बहुधा लाल, पांढरी, हिरवी व काळी अशा चार तारा दिसतात. लाल तार विजेची व काळी परतीची. यूएसबी ३.० मध्ये आणखी पाच जोडण्यांची भर पडली. अशा पोर्टची जीभ बहुधा निळी असते.

पोर्टच्या पत्र्याच्या वेष्टनात स्प्रिंगसारख्या लहान पट्ट्या असतात. त्याच आत घातलेली पिन घट्ट धरतात. मूळ मानकाप्रमाणे टाइप ए जोडणीने किमान १,५०० वेळा घालणे-काढणे सोसावे, अशी अपेक्षा आहे. दिवसातून चार वेळा पेनड्राइव्ह लावला तर हा आकडा साधारण वर्षभरात गाठला जातो! मायक्रो यूएसबी व टाइप सी यांच्यासाठी ही अपेक्षा १०,००० वेळांची आहे. शिवाय या दोन्हींत झिजणारी स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकाकडे ठेवली आहे, म्हणजे महागडा मोबाइल झिजण्याऐवजी स्वस्त केबल झिजावी.

प्रथम निदान, मग उपचार

पोर्ट बिघडला असे ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. तेच उपकरण दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावे. दुसरे उपकरण संशयित पोर्टमध्ये लावून पाहावे. केबल बदलून पाहावी. दोष जिकडे जाईल तिकडे बिघाड आहे, असे समजावे. पिन वर-खाली हलविताच संपर्क येत-जात असेल तर बिघाड स्प्रिंगचा, डाखाचा किंवा केबलचा आहे. पिन घट्ट बसूनही काहीच ओळखले जात नसेल, तर संगणक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. बिघाड कित्येकदा प्रणालीत असतो, पोर्टमध्ये नसतो.

सफाई

मोबाइलचा टाइप सी पोर्ट सैल वाटतो, त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे खिशातील कापसाचा भुगा. तो तळाशी दाबून बसतो, पिन पूर्ण आत जात नाही आणि आपल्याला पोर्ट झिजल्याचा भास होतो. अशा वेळी उपकरण बंद करावे. बॅटरीच्या प्रकाशात आत पाहावे आणि दात कोरण्याची लाकडी काडी टोकाशी पातळ करून भुगा हलक्या हाताने बाहेर काढावा. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. पट्ट्या वाकतात किंवा एकमेकींना चिकटतात. तोंडाने फुंकर घालू नये. त्यात ओलावा असतो. समुद्रकाठच्या दमट हवेत पट्ट्यांवर हिरवट थर येतो. तो काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेला मऊ ब्रश फिरवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये. खोबरेल तेल तर मुळीच घालू नये. पोर्टला त्याचा उपयोग नाही.

पकड घट्ट करणे

टाइप ए पोर्टमध्ये पिन नुसतीच डुगडुगत असेल, तर संगणक बंद करून वायर भिंतीतील सॉकेटमधून काढावी. नंतर बारीक स्क्रू ड्रायव्हरने वेष्टनाच्या स्प्रिंगपट्ट्या आतील बाजूस अगदी किंचित ढकलाव्यात. मधल्या जिभेला धक्का लावू नये. जीभ तुटलेली किंवा पट्ट्या वाकलेल्या दिसल्या तर त्या पोर्टमध्ये काहीही घालू नये. विजेची पट्टी परतीच्या पट्टीला टेकली तर मदरबोर्डलाही धोका संभवतो.

डाख आणि बदली

पोर्ट संपूर्णच हलत असेल, तर आतील कथिलाचा डाख सुटलेला असतो. टेबलावरच्या संगणकात पुढचे पोर्ट वेगळ्या केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती जोडणी काढून नवी बसविता येते, डाख देण्याची गरज पडत नाही. मागचा पोर्ट गेला तर आत यूएसबीचे वेगळे कार्ड बसवावे. लॅपटॉपच्या काही मॉडेलांत पोर्ट एका लहान वेगळ्या पाटीवर असतो; ती पाटी बदलणे सोपे व स्वस्त पडते. म्हणून दुकानदाराला "पोर्ट वेगळ्या पाटीवर आहे की मदरबोर्डवर?" हा प्रश्न आधी विचारावा.

ज्यांना सोल्डरिंगचा सराव आहे त्यांनी प्रथम बॅटरी काढावी, सुटलेल्या डाखावर फ्लक्स लावावा, तो वितळवून थोडे नवे कथील द्यावे. वेष्टनाचे पाय मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले असल्याने उष्णता लवकर शोषली जाते. कथील पूर्ण वितळण्यापूर्वी पोर्ट ओढला तर तांब्याची पट्टीच उखडून येते. काम झाल्यावर मल्टिमीटरने विजेची व परतीची पट्टी एकमेकींना टेकलेली नाहीत ना, हे पाहावे. मग वीज जोडून त्यांच्यामध्ये साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाब मिळतो का, ते तपासावे.

टाइप सी पोर्टमध्ये २४ बारीक जोडण्या असतात. त्यासाठी गरम हवेचे यंत्र व भिंगाखाली बसलेला हात लागतो. हे काम घरी करू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग व जाणकार कारागीर मिळतात. उपकरण हमीच्या मुदतीत असल्यास ते स्वतः उघडू नये. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र मिळावी, हा त्याचा हेतू आहे.

विद्यार्थ्यांसाठी विशेष सूचना

पेनड्राइव्हची पिन हलू लागली की दुरुस्तीच्या मागे लागू नये. आधी आतील माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. प्रकल्प किंवा अर्जाची कागदपत्रे एकाच पेनड्राइव्हवर कधीही ठेवू नयेत. पिन तुटलीच तर कारागीर चार तारा जोडून माहिती एकदा बाहेर काढू शकतो, परंतु त्यासाठी तुटका तुकडा जबरदस्तीने पुन्हा पुन्हा घालून पाहिलेला नसावा.

काळजी

वारंवार लागणाऱ्या पोर्टमध्ये एक आखूड जोडकेबल कायम लावून ठेवावी आणि रोजचे घालणे-काढणे तिच्या टोकाशी करावे. झिजली तर केबल झिजेल, संगणक नव्हे. पिन काढताना वायर ओढू नये, पिनेचा डोकाच धरावा. चार्जिंग चालू असताना मोबाइल वायरवर लोंबकळत ठेवू नये. वायर तिरकी राहील अशा तऱ्हेने यंत्र मांडू नये.

आमच्या शाखेत आता ठसा घेणाऱ्या यंत्राला अशी जोडकेबल आहे आणि यंत्र टेबलाला दुहेरी चिकटपट्टीने पक्के केलेले आहे. पुढच्या नोव्हेंबरात त्या आजी आल्या त्या बोटे पुसतच. आम्ही म्हणालो, "आजी, आधी आम्हाला आमची वायर बघू द्या." ठसा जुळेपर्यंत त्यांनी काही विश्वास ठेवला नाही.

यंत्रापुढे एखादा माणूस अडला, तर त्याला दोष देण्याआधी आपली वायर एकदा तपासावी, एवढीच वाचकांस नम्र विनंती.