काळ्या कोटातला शूटर

सेवाग्रामहून नागपूरला रोज अप-डाऊन करता? मग काळा कोट दिसला की तुमचाही हात आधी पासकडे जात असेल. पण याच मध्य रेल्वेचा एक टीसी ऑलिम्पिक मेडल घेऊन आला, बॉस! कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे. पॅरिस, १ ऑगस्ट २०२४. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, ब्राँझ.

आपल्याला टीव्हीवर तेवढाच दिवस दिसला. बाकीच्या दिवसांचं काय? २०१५ मध्ये तो रेल्वेत लागला, त्यानंतर स्वतःची रायफल आली. प्रॅक्टिससाठी रेल्वेने ड्यूटीतून मोकळं सोडलं आणि गडी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर. तिथलं रूटीन मात्र आपल्या ऑफिसपेक्षा बोअर. गुडघ्यावर बसून, पालथं पडून, मग उभं राहून तेच ते. कधी तर गोळी न भरता नुसताच ट्रिगर. टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. श्वास जरा हलला की नेम गेला!

क्रिकेटवाल्यांचं सोडा. आपल्याकडे बाकी कितीतरी खेळाडू दोन स्पर्धांमधले महिने रेल्वे, पोलीस नाहीतर सैन्याच्या पगारावरच काढतात. मेडलनंतर रेल्वेने स्वप्निलला ओएसडी केलं. त्यामुळे तुमचा पास तपासायला तो काही येणार नाही.