कल्पनेला अंगण हवं

दशावतारी जत्रेची रात्र सरली की दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीत तोच खेळ नव्याने उभा राहतो. या वेळचा राजा चार वर्षांचा असतो. कमरेला आईची जुनी साडी, हातात माडाच्या हिराची तलवार, डोक्यावर फणसाच्या पानांचा मुकुट. राक्षस कोणी व्हायचं यावरून भांडण होतं, मिटतं, युद्ध पेटतं. मेलेला राक्षस घरात जाऊन पाणी पिऊन येतो आणि पुन्हा मरायला तयार होतो. मोठी माणसं याला पोरखेळ म्हणतात. बालशिक्षणाचा विचार करणारे मात्र शंभर वर्षांपासून सांगत आले आहेत, की तीन ते सहा या वयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाकडे बारकाईने पाहिलं. काठीला घोडा मानताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला शिकतं. पुढे कागदावरच्या चार रेघांना ‘क’ मानायचं, एका खुणेला पाच मानायचं, ते याच बळावर. त्यांनी आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली: कल्पना शून्यातून उगवत नाही, ती अनुभवातून घडते. ज्या मुलाने जास्त पाहिलं, हाताळलं, ऐकलं, त्याच्या कल्पनेकडे जास्त सामान असतं. या कसोटीवर मालवणच्या किनाऱ्यावरचं मूल श्रीमंत आहे. त्याची ही श्रीमंती बालवाडीच्या दारात आपण उतरवून ठेवायला लावतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

किनाऱ्यावरचं सामान

रापण ओढली जाताना पाहिलेल्या मुलाला एकजूट वेगळी शिकवावी लागत नाही. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात, जाळं हळूहळू किनाऱ्याला लागतं, आणि आत तारली निघेल की बांगडा याची उत्सुकता शेवटपर्यंत टिकते. मग वाळूत त्याच मुलांची रापण सुरू होते. जाळं म्हणजे जुना टॉवेल आणि मासे म्हणजे शिंपले. परसात तर साहित्य संपतच नाही. माडाच्या पात्यांचं घड्याळ, चष्मा, पिपाणी, आंब्याच्या कोयीची पुंगी, करवंटीची भातुकली, फणसाच्या पानांचे बैल, पोफळीच्या वाळक्या झावळीची गाडी, एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं.

ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ साली सुट्या वस्तूंचा सिद्धान्त मांडला. ज्या वस्तू हलवता, जोडता, मोडता, पुन्हा रचता येतात, त्या जितक्या अधिक, तितकी मुलाची शोधक बुद्धी अधिक चालते. बटण दाबलं की गाणं म्हणणारं खेळणं एकच काम करतं आणि मुलाला फक्त प्रेक्षक करतं. करवंटी कधी भांडं होते, कधी होडी, कधी कासव, कधी टोपी. तिचं काय करायचं, हे ठरवणं पूर्णपणे मुलाच्या हाती राहतं.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत पुढाकार घेतला. माँटेसरी पद्धतीचं मोल त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. तिची महागडी साधनं खेड्याला परवडणार नाहीत हेही त्यांनी ओळखलं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासोबत आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी याच कामाला दिलं.

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तिथूनच अंगणवाडी आकाराला आली. परिसरातले खडे, बिया, शिंपले, पानं, काटक्या ही साधनं झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

योगायोग असा, की १९४५ सालीच इटलीतल्या रेज्जिओ एमिलियाजवळच्या एका गावात युद्धाने पोळलेल्या आईबापांनी मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभारायला घेतली. लोरिस मालागुत्सी हे तरुण शिक्षक त्यांना येऊन मिळाले. १९६३ पासून रेज्जिओ एमिलियाच्या नगरपालिकेनेच बालशाळा चालवल्या. त्या प्रत्येक शाळेत एक कार्यशाळा असते आणि मुलांबरोबर काम करणारा एक कलावंत असतो. मूल बोलण्याइतकंच मातीतून, रंगातून, सावलीतून, नाचातून विचार करतं, हा त्यामागचा विश्वास. जगभरचे शिक्षक आज त्या शाळा पाहायला जातात.

कलावंत दोन घरं पलीकडे

इटलीतल्या त्या शाळांना कलावंत नेमावा लागला. सिंधुदुर्गात तो शेजारी राहतो. श्रावण लागला की गावोगावी गणपतीच्या शाळा सुरू होतात. घरोघरचे पाट तिथे येऊन पडतात, माती मळली जाते, आणि मुलं तासन्‌तास बसून गोळ्यातून सोंड, सोंडेतून देव होताना पाहतात. हाती आलेल्या चिमूटभर मातीचा उंदीर करून पाहतात. शिकवणी नाही, परीक्षा नाही. काम करणाऱ्या जाणत्या हातांजवळ बसणं आहे. चतुर्थीला देवाच्या वर फळाफुलांची माटवी बांधताना रानातली फळं-फुलं नावानिशी ओळखीची होतात.

सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं, भाज्या आणि भातुकली घडते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं. चित्रकथीत कलावंत एकेक चित्र पुढे करतो आणि गोष्ट सांगत जातो. लहान मुलाला चित्र वाचायला शिकवण्याची याहून चांगली रीत शोधून सापडायची नाही.

आणि दशावतार. या नाटकाला लिखित संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, नट आपापली रंगभूषा करतात आणि संवाद रंगमंचावरच सुचत जातात. मृदंग, पेटी आणि झांजेच्या साथीने रात्रभर चालणारं हे नाटक मुलं आईच्या मांडीवरून पाहतात. अमेरिकेत शिकागोच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी वर्गात एक साधी प्रथा पाळली: मुलाने गोष्ट सांगायची, बाईंनी ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ती करून दाखवायची. दोन ओळींची गोष्ट असली तरी चालेल. जिथे दशावतार अंगात मुरलेला आहे, त्या जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांना ही रीत किती सहज जमेल!

‘माका होया’चं काय करायचं

घरात मूल मालवणी बोलतं. ‘माका होया’ म्हणणाऱ्याला शाळेत ‘मला हवं म्हण’ असं सांगितलं जातं. गोष्ट ऐन रंगात असताना ही दुरुस्ती झाली, तर मूल पुढची गोष्ट गिळून टाकतं. त्याचं लक्ष राक्षसावरून उडून क्रियापदावर येतं. पुढे ते चुका टाळत बोलतं आणि कमी बोलतं. प्रमाण मराठी शिकायला उभं आयुष्य आहे. गोष्ट सांगण्याची हिंमत मात्र याच वयात रुजते. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या घरच्या बोलीचा मान राखत त्यांना प्रमाण भाषेकडे नेण्याचा प्रयोग १९८६ पासून केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून खेळ, कला आणि घरची भाषा यांवर भर दिला आहे.

विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. मराठी बालकवितेला अद्भुताचं आणि खट्याळपणाचं वेड लावणारे हे दोघे याच मातीत जन्मले. गजालीत, म्हणजे गप्पागोष्टींत, रमणाऱ्या, भुताखेतांपासून देवचारापर्यंत सगळ्यांना आपल्या गोष्टीत जागा देणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे. इथल्या आजीची गजाल अंगणवाडीत यायलाच हवी.

अडतं कुठे

मालवणच्या मुलाला सूर्य रोज समुद्रात बुडताना दिसतो. तरी शाळेत जाऊ लागल्यावर ते दोन त्रिकोणी डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढू लागतं. त्याने पाहिलेल्या जगाची जागा छापील जगाने घेतलेली असते. ‘रेषेच्या बाहेर रंग जाता कामा नये’ हे त्याला कळलेलं असतं, आणि वाळूवर पसरणाऱ्या लाटेला रेषा नसते हे ते विसरू लागलेलं असतं.

दोष एकट्या अंगणवाडी सेविकेला देणं अन्यायाचं होईल. तिला आहार द्यायचा असतो, वजनं घ्यायची असतात, लसीकरणाला मदत करायची असते, मोबाइलवर माहिती भरायची असते, मानधन तुटपुंजं. या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिने मुलांची कल्पना फुलवावी अशी आपली अपेक्षा असते. दुसरीकडे पालकांना वाटतं, की साडेतीन वर्षांच्या लेकीने इंग्रजी अक्षरं गिरवली नाहीत तर ती मागे पडेल. ही चिंता प्रेमापोटीची आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद माती मळण्यातून आणि बिया ओवण्यातून येते. वाचन समजायला लागणारी शब्दसंपत्ती गोष्टींतून येते. खेळ हा अभ्यासाचा पाया आहे. तो काढून घेतला की वरचं बांधकाम डगमगतं.

करता येण्याजोगं

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. तरुण मुंबईला जातात, वाड्या रिकाम्या होतात, पटावर मोजकी मुलं उरतात. याचं दुःख खरंच आहे. पण जिथे मुलं थोडी आहेत तिथे प्रत्येकाची गोष्ट ऐकून घेणं शक्य आहे, आणि मोठ्या शहरातल्या महागड्या शाळांनाही ते जमत नाही.

त्यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक अंगणवाडीत करवंट्या, शिंपले, बिया, दोर, कापडाचे तुकडे यांचा एक कोपरा असावा. बारीक बिया आणि खडे तोंडात जाणार नाहीत एवढी नजर ठेवावी. रोज तासभर तरी कोणी मध्ये न बोलता चालणारा खेळ असावा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा पडवीत माती आणि सावल्यांचा खेळ असावा. महिन्यातून एकदा गावातला मूर्तिकार, दशावतारी नट, जाळं विणणारा मच्छीमार किंवा गजाली सांगणारी आजी मुलांमध्ये येऊन बसावी, आणि त्यांचा योग्य मोबदला त्यांना मिळावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून सावंतवाडीची लाकडी खेळणी आली तर मुलांना आणि कारागिरांना दोघांनाही बळ मिळेल. सेविकेचं कागदी काम कमी करणं आणि तिला नाट्य, चित्र, कथनाचं प्रशिक्षण देणं हे मात्र शासनाचंच काम आहे, आणि ते आपण आग्रहाने मागायला हवं.

पालकांसाठी एकच विनंती. घरी आलेल्या मुलाला ‘आज काय शिकलास?’ असं विचारण्याआधी ‘आज कोण झालास?’ असं विचारून पाहा. आणि उत्तर कितीही लांबलं, तरी ते पुरतं ऐका. ताराबाई आणि अनुताईंनी वीज-रस्ते नसलेल्या काळात जे करून दाखवलं, ते करायला आज आपल्याकडे माणसं आहेत, कला आहेत, इमारती आहेत. या मुलांना वेळ आणि विश्वास देणं एवढंच उरलं आहे, आणि ते याच वर्षी सुरू करता येईल.