कारवी वाळणे आणि गुलमोहर वाळणे : फरक ओळखा

ठाण्यात येऊरच्या डोंगरावर किंवा कल्याणजवळ मलंगगडाच्या उतारावर कारवीचे रान पूर्ण वाळलेले दिसते. डोंबिवलीतील सोसायटीच्या आवारात गुलमोहरही वाळू लागतो. वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण पहिल्या ठिकाणी काहीही करायचे नसते, दुसऱ्या ठिकाणी उशीर धोक्याचा ठरतो.

कारवी : आयुष्य पूर्ण झाले

कारवी साधारण सात-आठ वर्षे नुसती वाढते. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळे रान एकदम जांभळे होते. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008 व 2016 मध्ये असा बहर आला होता. बी धरल्यावर झाड मरते. हा रोग नाही, त्यामुळे फवारणी नको. सुकी बोंडे पुढच्या पावसात ओलावा मिळताच तडकतात आणि बी उडून नवी रोपे येतात. त्याआधी वणवा लागला तर बी जळते आणि उताराची माती धरणारे रान विरळ होते. म्हणून बांधावरचे गवत जाळताना आग डोंगराकडे जाऊ देऊ नका.

गॅनोडर्मा : आतून कुजणे

ही बुरशी मुळांच्या व बुंध्याच्या जखमांतून शिरते. केबलसाठी खोदताना तुटलेली मुळे ही तिची नेहमीची वाट. ती आतले लाकूड कुजवते. पावसाळ्यात बुंध्याशी लालसर तपकिरी, फिकट कडेचे, कडक छत्र दिसते, तोवर आत बरेच नुकसान झालेले असते. छत्र काढून टाकल्याने रोग जात नाही.

ओळख कशी कराल?

- सगळी झाडे एकाच हंगामात वाळली, फांद्यांवर सुकी बोंडे आहेत : कारवीचा नैसर्गिक शेवट.
- एकच झाड वाळते, शेंडा विरळ, बुंध्याशी छत्र : गॅनोडर्मा.
- नारळाच्या बुंध्यातून तांबूस तपकिरी चिकट द्रव गळतो : तीच बुरशी.

काय कराल?

नारळात लागण सुरुवातीची असेल तर दरवर्षी प्रतिझाड 5 किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मासह आळ्यात द्या. आळ्यातील पाणी शेजारच्या झाडाकडे वाहू देऊ नका. मेलेले झाड मुळांसकट काढा.

शहरातील झाडाला छत्र दिसले तर खाली गाडी लावणे व मुलांचे खेळणे लगेच थांबवा आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वरून हिरवे दिसणारे झाडही वादळी पावसात मुळासकट कोसळू शकते, म्हणून पाहणी पावसाळ्यापूर्वीच करून घ्या.