घोडामैदान आणि माणूस

वाद कोठे सुरू व्हावा आणि तो कोठवर जावा, याला काही नियम नाही. आपल्याकडे पारावर पेटलेला वाद बहुधा पारावरच विझतो. फार तर चहाची एक फेरी वाढते. वेल्समधल्या लानर्टिड वेल्स नावाच्या चिमुकल्या गावात १९८० साली निघालेला एक वाद मात्र थेट तिथल्या टेकड्यांवर जाऊन पोचला. गावातल्या मद्यालयाचे मालक गॉर्डन ग्रीन यांच्या कानावर दोन गिऱ्हाइकांचे बोलणे पडले. डोंगरदऱ्यांतून लांबचा पल्ला मारायचा झाला तर माणूस घोड्याच्या तोडीस तोड ठरेल, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याला ते साफ अमान्य. ‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण नुसते म्हणतो. ग्रीन यांनी ते खरोखरच जवळ आणले आणि माणूस विरुद्ध घोडा अशी सुमारे ३५ किलोमीटरची शर्यतच भरवली.

पहिली चोवीस वर्षे घोड्यांनी पायी धावणाऱ्याला एकदाही जिंकू दिले नाही. माणूस जिंकेपर्यंत बक्षिसाच्या रकमेत दरवर्षी एक हजार पौंडांची भर पडत गेली. अखेर २००४ साली ह्यू लॉब नावाच्या धावपटूने २ तास ५ मिनिटे १९ सेकंदांत अंतर तोडले; पहिला घोडा त्याच्यामागून दोन मिनिटांनी आला. लॉबला २५,००० पौंड मिळाले. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला या रकमेची मौज वाटल्याशिवाय राहत नाही. पंचवीस वर्षांत एक हप्ता चुकला नाही, कोणी ती मध्येच मोडली नाही, अशी आवर्ती ठेव मी तरी पाहिलेली नाही!

पुढे २००७, २०२२ आणि २०२३ या वर्षीही माणसाने बाजी मारली. म्हणजे २०२३पर्यंतच्या हिशेबात माणूस चारदा वरचढ. शिवाय घोड्याच्या पाठीवर स्वार असतो, हेही विसरता कामा नये. मग यात कौतुक ते काय, असे कोणी विचारील. कौतुक हे की, अशी शर्यत होऊच शकते. शंभर मीटरवर ती लावण्याची कल्पना कोणाला सुचणार नाही. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांत ते अंतर काटले. सरासरी काढली तर ताशी ३७-३८ किलोमीटर. ग्रेहाउंड जातीचा कुत्रा सहज साठीच्या पुढे जातो, आणि चित्ता तर शंभरीला भिडतो. थोडक्या अंतरात आपली गणती मागच्या बाकावरच व्हायची.

पण चित्त्याची शंभरी किती वेळ टिकते? कोल्हापूर संस्थानात एके काळी पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून गाडीतून कळपाच्या जवळ नेत आणि मगच सोडत. जवळ नेणे भागच होते. कारण काही शे मीटरांत काळवीट हाती लागले नाही तर चित्ता पाठलाग सोडून देई. राजाश्रय असला तरी दम उसना आणता येत नाही. ससा-कासवाच्या गोष्टीत ससा आळसाने झोपला असे आपण मुलांना सांगतो. प्राण्यांच्या जगात पुष्कळदा तो आळस नसतो, त्याचा इंधनसाठा संपलेला असतो किंवा अंग तापलेले असते.

घोडे पेंड खाते ते नेमके इथे. धावणाऱ्या प्राण्याचा मोठा शत्रू अंतर नव्हे, उष्णता. स्नायू काम करतात तेव्हा खर्ची पडलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. ती बाहेर टाकता आली नाही तर पाय शाबूत असूनही प्राणी कोसळतो. कुत्रा किंवा हरीण मुख्यतः धापा टाकून थंड होते. पण चार पायांवर भरधाव पळताना श्वास पावलांना बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. अशा वेळी भराभर उथळ धापा टाकण्याची सोय उरत नाही. धापा टाकायच्या तर वेग उतरवायला हवा. माणूस दोन पायांवर उभा, त्याची छाती मोकळी. तो दोन पावलांना एक श्वास घेईल, नाही तर तिनांना. आणि त्याच्याजवळ हुकमाचा पत्ता आहे तो घामाचा. वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आणि त्यांच्या आड न येणारी, जवळजवळ केसविरहित कातडी! तासाला लिटर-दीड लिटर घाम माणूस सहज गाळतो, आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. घोड्यालाही भरपूर घाम येतो, म्हणूनच तो आपल्याला इतका वेळ झुंजवतो.

लॉब जिंकला त्याच वर्षी, २००४च्या नोव्हेंबरात, डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन या दोन शास्त्रज्ञांचा एक लेख ‘नेचर’ या नियतकालिकात आला. माणसाचे शरीर केवळ चालण्यासाठी नव्हे, तर लांब धावण्यासाठीही घडले असावे, असा त्यांचा सिद्धांत. पुरावे आपल्या अंगावरच आहेत. टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि पुढच्या पावलाला शक्ती परत करतो. चिंपांझीत तो अगदी आखूड असतो. मानेमागची एक बळकट दोरी धावताना डोके डचमळू देत नाही. ती घोड्यात आणि कुत्र्यात सापडते, चिंपांझीत नाही. बसण्याच्या जागेचा जो भरभक्कम स्नायू आपण खुर्चीच्या सेवेला वाहिला आहे, तो सपाटीवर चालताना फारसा राबत नाही. धावताना तोच धडाला तोंडावर आपटण्यापासून वाचवतो. पस्तीस वर्षे खुर्चीवर काढलेल्या माणसाने हे वाचून काय वाटून घ्यावे?

आणखी एक गंमत डेव्हिड कॅरिअर यांनी १९८४ साली मांडली. घोड्याला चाल, दुडकी आणि चौखूर धाव अशा गती आहेत आणि प्रत्येकीत त्याला परवडणारा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे गेले की किलोमीटरमागचा खर्च वाढतो. माणूस धावायला लागला की मात्र हळू धावो वा जोरात, किलोमीटरचा भाव जवळजवळ एकच. बँकेच्या भाषेत, आपला व्याजदर स्थिर. त्यामुळे सावजाला न परवडणारा वेग माणूस आपल्या मर्जीने निवडू शकतो.

याचे प्रत्यक्ष रूप कलहारी वाळवंटात दिसले. तिथल्या सान लोकांबरोबर लुई लिबेनबर्ग हे अभ्यासक स्वतः धावले आणि त्यांनी या शिकारीची तपशीलवार नोंद केली. वेळ भर दुपारची, तापमान चाळीस अंशांच्या आसपास. कुडू नावाचे मोठे हरीण उधळते आणि पाहता पाहता दिसेनासे होते. शिकारी घाई करीत नाही. तो माग काढत दुडक्या चालीने येतो. हरीण सावलीला उभे राहून धापा टाकत असते. अंग निवायच्या आत हा हजर! पुन्हा पळ, पुन्हा सावली, पुन्हा हा. दोन ते पाच तास, पंचवीस ते पस्तीस किलोमीटर. शेवटी हरीण उभे राहते ते पळत नाही. त्याला हरवले ते वेगाने नव्हे, विसावा न दिल्याने. (कर्जवसुलीचा अनुभव असलेल्यांना हे तत्त्व अपरिचित वाटू नये.)

मला यात धावण्याइतकेच महत्त्वाचे वाटते ते माग काढणे. कातळावर ठसे नाहीसे होतात. मग थांबून ‘आता ते कुठे गेले असेल’ असे मनात रचावे लागते. जनावर दमले आहे, वारा या दिशेने आहे, सावली त्या झाडाखाली आहे. म्हणजे ते तिकडे. चार खुणांवरून न पाहिलेली हकीकत उभी करणे हे कादंबरीकाराचेही काम. त्याची पहिली शाळा अशी उन्हात भरली असेल, तर मला अभिमानच वाटेल. अशी शिकार फार विरळा, असा आक्षेप अनेक वर्षे घेतला जाई. २०२४ साली मोरिन आणि विंटरहाल्डर यांनी जुन्या प्रवाशांच्या व अभ्यासकांच्या लिखाणातून सुमारे चारशे नोंदी जमवल्या. त्या जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या आहेत.

म्हणून आपण लगेच फेटा उडवायचे कारण नाही. ऊन काढून घ्या, की निकाल फिरतो. १९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. त्यावरचे प्रतिविष रेल्वेने येऊ शकले ते हजारभर किलोमीटरांवरच्या स्थानकापर्यंतच. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने बर्फावरून ते साडेपाच दिवसांत पोचवले. त्यांतल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा आहे, जरी सर्वांत लांबचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता. शेवटचा टप्पा करणाऱ्याचे नाव व्हावे, ही रीत तिथेही आहे. आज त्याच मुलखात इडिटरॉड नावाची शर्यत होते. सुमारे सोळाशे किलोमीटर अंतर जिंकणारी कुत्री आठ-दहा दिवसांत कापतात, तेही गाडी ओढत. थंडीत या कुत्र्यांपुढे माणसाने हात जोडावेत.

उलट उदाहरण कॅलिफोर्नियातले. तिथे १९५५पासून डोंगरातून एका दिवसात शंभर मैल घोडे दौडवण्याची शर्यत आहे. १९७३ साली गॉर्डी एन्सले या स्वाराचा घोडा वाटेत लंगडला. पुढच्या वर्षी तो घोड्याविनाच उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायी पोचला. घोड्यांना दिलेल्या चोवीस तासांत! त्यातूनच शंभर मैलांच्या पायी शर्यतीची परंपरा सुरू झाली. २०२२ साली लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने सपाट मार्गावर शंभर मैल १० तास ५१ मिनिटे ३९ सेकंदांत पार केले, आणि त्याच वर्षी चोवीस तासांत ३१९ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले.

या साऱ्या आकड्यांत एक गोष्ट हरवते. एन्सले आपल्या मर्जीने धावला. घोड्याला कोणी विचारले नव्हते. म्हणूनच घोड्यांच्या लांब शर्यतींत ठिकठिकाणी पशुवैद्य उभे असतात. ठरलेल्या वेळात नाडी साधारण ६४ ठोक्यांवर उतरली नाही तर घोडा बाद. नोकरीच्या सुरुवातीला मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. टांग्यासाठी कर्ज घेतलेले एक चाचा तपासणीच्या दिवशी मला गावोगाव नेत. अर्ध्या वाटेवर लिंबाखाली टांगा उभा राहायचा म्हणजे राहायचाच. उतारू कुरकुरत. चाचा घोड्याच्या छातीवर तळहात ठेवून त्याच्या बरगड्यांकडे पाहत बसत. एकदा मी घड्याळ पाहिले तेव्हा म्हणाले, ‘‘सायेब, बैल बसतो, गाढव अडतं. घोडं तसलं न्हाई. पळ म्हटलं की पळतं, छाती फुटंस्तवर. मग कवा थांबायचं ते आपुन बघायचं.’’ पशुवैद्यांची ती नियमावली या माणसाला तळहातानेच ठाऊक होती.

आपल्या घामाचीही मर्यादा आहे. तो वाळला तरच उपयोगाचा. कलहारीच्या कोरड्या हवेत तो वाळतो. मुंबईच्या दमट हवेत नुसता ओघळतो. मुंबई मॅरेथॉन भल्या सकाळी सुरू होते, त्यामागे हेही शहाणपण आहे. उन्हाळे कडक होत चालले असताना ‘आपण उन्हातले प्राणी’ या भरवशावर कोणी दुपारी धावायला निघू नये. पाणी, मीठ आणि सावली या तीन गोष्टी सान शिकाऱ्यालाही चुकलेल्या नाहीत.

तरीही माणसाला थांबता येते. तो ‘पुरे’ म्हणू शकतो. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर भर दुपारी उसाच्या गाड्यांची रांग लागते. बैलांना आपल्यासारखा घाम येत नाही. त्यांच्या तोंडाला फेस असतो, बरगड्या भात्यासारख्या हलत असतात आणि पाठीमागे आपली मोटार अडकलेली असते. अशा वेळी हॉर्नवरचा हात काढून घ्यावा. आणि गाडीवानाने झाडाखाली गाडी सोडलीच, तर त्याला आणि त्याच्या बैलांना तेवढा वेळ द्यावा.