स्विच नवा, पण संगणक मुका

परतीच्या पावसाचे दिवस होते. रात्री वीज कडाडली आणि आमच्या शेजारच्या गावच्या माध्यमिक शाळेतला जुना स्विच जळून गेला. स्विच म्हणजे कपाटावर ठेवलेली ती लहानशी पेटी, जिच्यात कार्यालयातल्या साऱ्या लॅन केबली येऊन मिळतात. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवा स्विच आणला, केबली जशाच्या तशा लावल्या. हेडसरांचा संगणक जोडला गेला, प्रिंटरही कागद देऊ लागला; पण लेखनिक भाऊसाहेबांचा संगणक मुका तो मुकाच. दहावीच्या मुलांची माहिती नि फोटो नेमके त्यातच, आणि परीक्षेची आवेदनपत्रे भरायला उरले होते दोन दिवस. मुदत टळली की विलंब शुल्क. ते मजुराच्या पोराने कोठून आणायचे? दुकानदार म्हणाला, "विजेने संगणकही गेला असणार. नवा घ्या."

श्रोतेहो, असा सल्ला मिळाला की लगेच पैसे काढू नयेत. आधी स्विच काय करतो ते पाहू.

गावात नवा पोस्टमन आला की पहिले काही दिवस त्याला घरे ठाऊक नसतात. स्विचचेही तसेच आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक पत्ता मिळालेला असतो, बारा अंक-अक्षरांचा. एखादे यंत्र काही पाठवू लागले की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि तो कोणत्या भोकाशी, म्हणजे पोर्टाशी, आहे हे लक्षात ठेवतो. पत्ता ठाऊक नसला तर निरोप सगळ्या पोर्टांना धाडतो. उत्तर आले की घर कळले! हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. म्हणून साध्या स्विचला काही शिकवावे लागत नाही. मोठ्या कार्यालयांतल्या स्विचमध्ये मात्र पोर्टांची वाटणी करून ठेवलेली असते, ती नव्यात पुन्हा उतरवावी लागते. ते काम जाणकाराचे.

मग भाऊसाहेबांचे घोडे कोठे अडले? पोर्टाजवळचा इवलासा दिवा पाहिला. तो क्षणभर लुकलुके आणि विझे. दिवाच लागत नाही म्हणजे पासवर्ड, प्रोग्रॅम यांत डोके घालण्यात अर्थ नाही. दोष तारेत, पोर्टात नाहीतर कार्डात. हेडसरांची केबल ज्या पोर्टात चालत होती त्यात भाऊसाहेबांची लावून पाहिली. दिवा तसाच. पोर्ट सुटले. मग शिपाईमामांनी संगणकच उचलून कपाटाशी आणला आणि हातभर लांबीच्या नव्या केबलने जोडला. दिवा लागला! संगणक धडधाकट होता. आवेदनपत्रे त्याच संध्याकाळपासून कपाटाशेजारी स्टुलावर बसून भरली गेली.

दोषी होती भिंतीतून गेलेली जुनी केबल. आता आपण म्हणाल, कालपर्यंत तीच केबल चालत होती ना? इथेच खरी गंमत आहे. केबलीच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिट वेगाची पद्धत १९९५ साली ठरली. ती त्यांतल्या दोनच जोड्या, बहुधा नारिंगी आणि हिरवी, वापरते. १९९९ साली ठरलेल्या १००० मेगाबिटच्या पद्धतीला चारही लागतात. जुना स्विच १०० चा होता. तपकिरी तार उंदराने केव्हाच कुरतडली होती, पण तिच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. नवा स्विच १००० चा. वेग किती ठेवायचा ही बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होतात, म्हणून स्विच आणि संगणक १००० ला कबूल झाले. धावायला निघाले तर तार तुटलेली! पुन्हा बोलणी, पुन्हा तेच. काही यंत्रे अशा वेळी आपणहून १०० वर उतरतात, काही हट्टाला पेटतात.

दिवा लागूनही काम फार हळू चालत असेल, तर त्या यंत्रात पूर्वी कोणी वेग हाताने ठरवून ठेवला आहे काय, ते पाहावे. तसे असले तर नव्या स्विचला त्याची बोलणी ऐकू येत नाहीत. यंत्र बोलता बोलता ऐकू पाहते, स्विच मात्र पाळीपाळीने बोलू लागतो आणि निरोप एकमेकांवर आदळतात. दोन्हीकडे 'ऑटो' ठेवले की बरे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. राउटरची केबल स्विचमध्ये नीट बसली की नाही ते बघावे. कॅमेरा किंवा वायफायची पेटी बंद पडली, तर जुना स्विच केबलीतूनच तिला वीज पुरवत होता की काय, ते तपासावे. सगळे स्विच वीज देत नाहीत. आणि घाईत एकाच केबलीची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली, तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सारे कार्यालय ठप्प होते. सगळे दिवे एकदम पिसाटासारखे लुकलुकू लागले की हे ओळखावे.

केबली काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. भाऊसाहेबांनी पुढच्या आठवड्यात व्हरांड्याच्या कडेने, उंदरांची वाट टाळून, नवी केबल ओढून घेतली. ढग गडगडू लागले की आता शिपाईमामा आधी स्विचची पिन काढतात, मग बाहेरून आलेली केबल.