यंत्रमानवाला माणसाचे शरीर मिळाले तर

डोळखांबच्या एका शाळेत मागच्या हिवाळ्यात यंत्रमानव या विषयावर बोलायला गेलो होतो. आसनगावला लोकलमधून उतरून शहापूरमार्गे पोचलो, तेव्हा पूर्वेचा आजोबाचा डोंगर अजून धुक्यात होता. व्याख्यान नेहमीप्रमाणे झाले. नंतर नववीतल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या जुन्या चित्रमालिकेची गोष्ट सांगितली. काही गुंड महाबलाढ्य यंत्रमानवांना पकडतात, त्यांची मने काढून घेतात आणि माणसासारख्या देहांत कोंडतात. आता ते ना उडू शकतात, ना भिंत फोडू शकतात. मुलाचा प्रश्न असा होता : "सर, त्यांना सगळ्यात आधी काय जड जाईल?"

ही मालिका म्हणजे 'ट्रान्सफॉर्मर्स'. गोष्ट १९८६ सालची, तिचे नाव 'ओन्ली ह्युमन'. मी तत्परतेने उत्तर दिले की त्यांना गणिते सावकाश करावी लागतील. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "भूक लागंल, सर." सगळे हसले. परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आले की उत्तर तिचेच बरोबर होते.

एक मन उचलून दुसऱ्या देहात ठेवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. शके १७४१ मध्ये लिहिलेला 'नवनाथ भक्तिसार' आजही गावोगाव श्रावणात वाचला जातो. त्यात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृतदेहात शिरतात आणि त्यांचा स्वतःचा देह गोरक्षनाथ राखत बसतात. या परकायाप्रवेशात आणि त्या चित्रमालिकेत एक गृहीत समान आहे. देह म्हणजे घर, मन म्हणजे भाडेकरू. बिऱ्हाड हलवले तरी भाडेकरू तोच. गोष्ट म्हणून हे छानच आहे. पण शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले, तर घर आणि भाडेकरू असे वेगळे काढताच येत नाहीत.

संगणकात यंत्र वेगळे आणि आज्ञावली वेगळी असते. तीच आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चढवता येते. मेंदूत असा कप्पा नाही. सुमारे ८६०० कोटी चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि जे शिकतो ते या जोडांच्या कमी-अधिक बळकटीत साठते. सायकल चालवायला शिकलो म्हणजे मेंदूतले काही जोड बदलले. यंत्रमानवाचे 'मन' माणसाच्या मेंदूत घालायचे तर हे अब्जावधी जोड नव्याने घडवावे लागतील, आणि तेही आधी त्या देहाने घडवलेले जोड पुसून. मग उरेल तो कोण, हा प्रश्न मी तत्त्वज्ञांवर सोडतो.

तरीही क्षणभर धरून चालू या की गुंडांना हे जमले. पहिला धक्का वेगाचा बसेल. तारेतून विजेचा संदेश सेकंदाला सुमारे वीस कोटी मीटर जातो. आपल्या चेतातंतूंतून स्पर्शाचा संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत दीड मीटर धरले, तर त्याला सेकंदाचे तीन शतांश लागतात. आणि सगळे तंतू इतके जलद नसतात. ठणका वाहून नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर संदेश नेतात. अंधारात अंगठा उंबऱ्याला ठेचला, की 'लागले' हे ताबडतोब कळते आणि खरी कळ सेकंद-दीड सेकंदाने येते, ती यामुळेच. हा प्रयोग वर्गात मुद्दाम करू नये. आठवण विचारली तरी पुरते, प्रत्येकाकडे ती असतेच.

पण वेगाची सवय होईल. त्याहून मोठी अडचण अशी, की यंत्रमानवाला आपला हात कोठे आहे हे कळणार नाही.

मुलांना डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगा. सगळ्यांना जमते. हात दिसत नसताना तो कोठे आहे हे कसे कळले? स्नायू, कंडरा आणि सांधे यांतील संवेदकांकडून मेंदूला सतत बातम्या जात असतात. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा या पाचांत ही जाणीव मोजली जात नाही. म्हणून 'ज्ञानेंद्रिये पाच' असे शिकवताना मला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते.

ही जाणीव नाहीशी झाली तर काय होते, हे इयन वॉटरमन या ब्रिटिश माणसामुळे तपशिलाने समजले. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर त्याच्या मानेखालच्या शरीरातली स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव पूर्ण गेली. स्नायूंना आज्ञा नेणारे तंतू शाबूत होते. वेदना आणि उष्ण-थंड कळत होते. म्हणजे तो लुळा नव्हता. तरी त्याला उठून बसता येईना. हात कोठेही भरकटत. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून आणि मनात आखून तो पुन्हा बसायला, उभे राहायला, चालायला शिकला. दिवे गेले की तो जागच्या जागी कोसळत असे. जोनाथन कोल या डॉक्टरांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्या गोष्टीतल्या यंत्रमानवाची पहिली काही वर्षे अशीच जातील, असे मला वाटते.

देहबदलाच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा प्रकार म्हणजे हाताचे प्रत्यारोपण. भारतात ते पहिल्यांदा २०१५ मध्ये कोचीला झाले. मुंबईत परळच्या ग्लोबल रुग्णालयात ऑगस्ट २०२० मध्ये एका तरुणीला दोन्ही हात बसवले गेले. विजेवर चालणारा कृत्रिम हात उरलेल्या स्नायूंच्या सूक्ष्म विद्युत्‌लहरी ओळखून उघडतो-मिटतो, पण सहसा त्याला काही जाणवत नाही. दुसऱ्या माणसाचा जिवंत हात जोडला तर जाणवू शकते, मात्र लगेच नाही. कापलेला चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. बोटांपर्यंतचे ३० सेंटिमीटर अंतर कापायला त्याला ३०० दिवस लागतात, आणि तोवर मेंदूलाही या हातांची ओळख करून घ्यावी लागते. माणसाच्या तळहातात स्पर्शाचे सुमारे १७ हजार संवेदक आहेत.

आता वेदनेकडे येऊ. चित्रमालिकेतल्या नायकांना माणसाच्या देहातली वेदना ही शिक्षा वाटणार. वेदना काढून टाकली तर देह अधिक बळकट होईल, असेही वाटणे साहजिक आहे. याचे उत्तर वेल्लोरला मिळाले.

पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने 'झडतात' अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की जंतू चेतातंतू निकामी करतो आणि बोटे जातात ती न कळलेल्या जखमांमुळे. विस्तव हाताने सरकवायचा, गंजलेली चावी बोट चिरेपर्यंत पिळायची. रात्री उंदीर बोटे कुरतडत तरी जाग येत नसे. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर दिले जाऊ लागले.

पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे ब्रँड आणि अभियंत्यांनी कृत्रिम वेदना बनवण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाबाचे संवेदक बसवले. दाब धोक्याइतका वाढला की कानात आवाज व्हायचा. रुग्ण दुर्लक्ष करीत. दिवा लावून पाहिला, तेच. मग जिथे संवेदना शाबूत होती त्या काखेत विजेचा झटका देण्याची सोय केली. त्याने दुखायचे खरे, पण एखादे काम करायचेच असले की रुग्ण आधी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि मग पुन्हा चालू करीत. वर्षांच्या खटपटीनंतर तो नाद सोडावा लागला. खऱ्या वेदनेला बंद करायचे बटण नसते, आणि तिचा उपयोग तेवढ्यातच आहे. भुकेचेही तसेच. यंत्रमानवाला विद्युत्‌घट उतरल्याची सूचना मिळते. भूक ही सूचना नव्हे, ती दुसरे काही सुचू देत नाही. त्या मुलीला हे मला सांगावे लागले नव्हते.

डोळखांबची गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. त्या दिवशी दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी चुलीवरचा खिचडीचा टोप फडके न घेता उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. "आमच्या मावशींना चटकाच लागत नाही," एक गुरुजी कौतुकाने म्हणाले. मी सकाळी तासभर संवेदकांवर बोललो होतो आणि तरी मीही हसलो. हात धुताना त्यांची बोटे नीट पाहिली. जुन्या भाजल्याचे डाग होते, आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट किंचित आत वळलेले होते.

मी डॉक्टर नाही. कामाने राठ झालेल्या हातांना चटका कमी लागतो, मधुमेहानेही बधिरता येते. निघताना मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन एवढेच म्हटले की मावशींना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि गाजावाजा करू नका. महिन्याने त्यांचा फोन आला. कुष्ठरोगच होता. मावशी कोण, कोणत्या पाड्यावरच्या, हे येथे लिहिणे योग्य नाही.

आपल्या राज्यातून हा रोग गेलेला नाही. शिक्षकांच्या रोजच्या नजरेत शेकडो मुले असतात, म्हणून थोडे सांगतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि स्पर्श कळत नाही, ही मुख्य खूण. मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करावा आणि कोठे लागले ते बोटाने दाखवायला सांगावे. शंका आली तर आरोग्य केंद्रात पाठवावे. निदान तिथेच होऊ द्यावे. औषधे मोफत मिळतात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात आणि ती सुरू झाली की संसर्गाची भीती लवकरच राहत नाही. मुलाला शाळेतून काढण्याचे किंवा वेगळे बसवण्याचे काही कारण नाही. औषधाने जंतू मरतो. पण फार दिवस निकामी झालेला तंतू बहुधा परत येत नाही. म्हणून उशिराची किंमत मोठी.

मावशींचे औषध चालू आहे आणि त्या कामावर आहेत. दोन बोटांतली संवेदना परतलेली नाही. आता टोपाला फडके असते, चुलीजवळ सांडशी टांगलेली असते. आरोग्यसेविकेने शिकवल्याप्रमाणे त्या रोज संध्याकाळी उजेडात बसून दोन्ही हात उलटसुलट करून पाहतात, कोठे भाजले-चिरले आहे का म्हणून.