फ्रेंचमधला ‘जायचो’

पुण्यात फ्रेंच शिकवताना माझ्यासमोर मुख्यतः दोन प्रकारची माणसं बसतात. अकरावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं, आणि कॅनडाच्या पीआरचे पॉइंट वाढवायला आलेले नोकरदार. दोघंही ‘आँपार्फॅ’ या भूतकाळापाशी पोचले की एकच प्रश्न विचारतात, “मॅम, हे वॉज गोइंग आहे की यूज्ड टू गो?”

दोन्ही. पण उत्तर शोधायला इंग्रजीत जायची गरजच नसते. मराठी व्याकरणात आपण दोन भूतकाळ शिकलेलो असतो. ‘मी जात होतो’ हा अपूर्ण आणि ‘मी जात असे’ हा रीती. तो ‘असे’ आता पुस्तकातच उरलाय, बोलताना आपण ‘जायचो’ म्हणतो. फ्रेंच माणूस या दोन्हींसाठी एकच रूप वापरतो, ‘जालॅ’. चाललं होतं ते आणि नेहमी चालायचं ते, यांत त्याला फरक करावासा वाटत नाही. आँपार्फॅचा शब्दशः अर्थही ‘अपूर्ण’च.

रूपं बनवणं सोपं आहे. क्रियापदाचं वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्यायचं आणि त्याच्या शेवटचं ‘ओं’ काढून टाकायचं. बोलणे म्हणजे ‘पार्ले’, आम्ही बोलतो म्हणजे ‘नू पार्लों’, म्हणून हाती उरतं ‘पार्ल’. संपवणे, ‘फिनीर’, याचं ‘नू फिनिसों’, म्हणून ‘फिनिस’. विकणे, ‘वांद्र’, याचं ‘नू वांदों’, म्हणून ‘वांद’. नियमित क्रियापदांचे तीन गट एवढ्यात आटोपतात. पुढे प्रत्यय जोडायचे: ज पार्लॅ, त्यु पार्लॅ, इल पार्लॅ, नू पार्लियों, वू पार्लिये, इल पार्लॅ. मी, तू, तो आणि ते, चौघांचा उच्चार एकच. वेगळं असतं ते स्पेलिंग: मी आणि तू यांना ए-आय-एस, तो म्हटलं की ए-आय-टी, ते म्हटलं की ए-आय-ई-एन-टी. शेवटची अक्षरं कुणीच उच्चारत नाही, पण लिहायला विसरलात तर मार्क जातात. आपल्यासारखं लिंगही नाही. ‘बोलायचो’ आणि ‘बोलायचे’ दोन्हींना ‘ज पार्लॅ’.

अनियमित म्हणून बदनाम असलेली क्रियापदंही इथे शहाण्यासारखी वागतात. करणे, ‘फॅर’, याचं ‘नू फझों’, म्हणून ‘ज फझॅ’. पिणे, ‘ब्वार’, याचं ‘नू ब्युव्हों’, म्हणून ‘ज ब्युव्हॅ’. खरा अपवाद एकच, असणे म्हणजे ‘एत्र’. त्याचं ‘एत’ तेवढं पाठ करायचं.

या प्रत्ययांतलं ए-आय मात्र फार जुनं नाही. पूर्वी तिथे ओ-आय लिहीत. उच्चार केव्हाच बदलला होता, लेखन मागे राहिलं होतं. अठराव्या शतकात व्हॉल्टेअरने ए-आयचा आग्रह धरला, पण फ्रेंच अकादमीने आपल्या शब्दकोशात तो मान्य केला 1835 साली. अकादम्यांना घाई नसते. इंग्रजीने त्याआधीच उचललेल्या ‘कॉनसर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ते जुनं ओ-आय अजून बसलेलं आहे.

आता वापर. ‘पाऊस पडत होता, मी चहा करत होते, तेवढ्यात फोन वाजला.’ पाऊस आणि चहा आँपार्फॅमध्ये, फोन दुसऱ्या भूतकाळात, म्हणजे ‘पासे कोंपोझे’मध्ये. मराठी मुलं हे न शिकवता बरोबर करतात. ‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘ज साव्हॅ’ आणि ‘मला कळलं’ म्हणजे ‘जे स्यु’, हेही त्यांना पटकन उमगतं. फ्रेंच एकाच क्रियापदाचा काळ बदलून जे साधतं, त्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द तयारच असतात.

मराठी आपल्याला फसवते ती दुसरीकडे. ‘मी पाच वर्षं ठाण्यात राहत होते.’ वाक्य निर्दोष आहे, आणि ‘राहत होते’ दिसलं की हात आपोआप आँपार्फॅकडे जातो. फ्रेंच माणूस मात्र इथे पासे कोंपोझे वापरेल. पाच वर्षं म्हटलं की तो काळ मोजून झाला, त्याची दोन्ही टोकं बंद झाली. ‘तेव्हा मी ठाण्यात राहत होते’ असं म्हणा, मग आँपार्फॅ, कारण आता टोकं उघडी आहेत. घटना किती लांबली याला महत्त्व नाही. शंभर वर्षं चाललेलं युद्धही ‘शंभर वर्षं चाललं’ म्हणून मिटवलं की पासे कोंपोझेत जातं. कानाचीही पंचाईत होते: ‘जे पार्ले’ म्हणजे मी बोललो आणि ‘ज पार्लॅ’ म्हणजे मी बोलायचो. शेवटच्या स्वराला तोंड जरा अधिक उघडायचं, ‘बॅट’मधल्या स्वराच्या दिशेने. खुद्द फ्रान्समध्येही सगळे तेवढं उघडत नाहीत.

या काळाचा उस्ताद म्हणजे फ्लोबेर. 1857 साली पुस्तकरूपात आलेल्या ‘मादाम बोव्हारी’मध्ये लहान गावातला कंटाळा पानोपानी आँपार्फॅमध्ये चालतो, कारण तिथे काही घडत नाही, घडायचं ते रोज तेच घडतं. प्रूस्तने 1920 मध्ये फ्लोबेरच्या शैलीवर लिहिलेल्या लेखात या काळाच्या वापराची खास दखल घेतली. एक भूतकाळ कसा वापरला यावर एका कादंबरीकाराने दुसऱ्याचं मोठेपण मांडावं, हे मला फार फ्रेंच वाटतं.

बोलण्यात मात्र हा काळ भूतकाळ सोडून भलतीकडेही हिंडतो. दुकानात ‘ज व्हुलॅ’, म्हणजे ‘मला हवं होतं’, असं म्हटलं की मागणं मवाळ होतं. आपणही ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतोच, विचारायचं असतं आत्ता. ‘सि ऑनालॅ ओ सिनेमा?’ म्हणजे ‘सिनेमाला गेलो तर?’ इथेही आँपार्फॅ आणि इथेही आपला भूतकाळ. खेळताना फ्रेंच पोरं भूमिका वाटतात तीही अनेकदा आँपार्फॅमध्ये: ‘तू बाई होतीस, मी आजारी होतो.’ आपली पोरं ‘तू बाई हं, मी आजारी’ म्हणून मोकळी होतात. आणि कुत्र्याचे लाड करताना फ्रेंच आजीबाई त्याच्या तोंडावर ‘त्याला भूक लागली होती का गं बाई’ अशा थाटात आँपार्फॅ वापरतात. भूक आत्ता लागलेली असते, कुत्रा समोर शेपूट हलवत असतो, तरी काळ भूत आणि पुरुष तृतीय. व्याकरणकारांनी या लाडिक वापरालाही रीतसर नाव देऊन ठेवलंय. अकरावीच्या पेपरात हे येत नाही, त्यामुळे मी ते तास संपताना शिकवते.